न विकलेलं पाणी

प्रिय झोया आणि आदिल,

हे मराठीत लिहिते आहे, म्हणजे आई तुम्हाला वाचून दाखवेल आणि मध्ये थांबून अर्थ सांगेल. तिला घाई करू देऊ नका. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं होतं आणि मी ते बरेच दिवस टाळत होते. पाणी तपासण्याच्या नोकरीत लोकांना वाचावंसं काय असणार, असं मला वाटायचं. मग गेल्या रमजानमध्ये झोयाचा फोन आला. तुमच्या मशिदीतली मुलं कुठल्याशा कोरड्या देशात विहीर खोदण्यासाठी वर्गणी जमवत होती. झोयाने विचारलं, विहीर दिलेला एखादा माणूस तू पाहिला आहेस का, नानी? मी हो म्हटलं आणि तुमच्याकडे बर्फ किती पडला ते विचारायला लागले. माणूस पाहिला होता, पण त्याची गोष्ट फोनवर सांगण्याजोगी नव्हती. ती दानाची आहे आणि आनंदाची नाही. आता माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात काही होणार नाही. तरी माझी सवय अशी, की हातातलं काम पुरं करून, टेबल पुसून मगच उठायचं.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. मुंबईत कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीत शिकले, घरी आमची रत्नागिरीकडची कोकणी बोलले आणि नोकरीत मराठीत अहवाल लिहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुमच्या नानांनी आणि मी वसई पूर्वेला फ्लॅट घेतला. एव्हरशाईन सिटी तेव्हा नवी होती. रस्ते रुंद, झाडं बोटभर, आणि नळाचं पाणी अजून यायचं होतं. त्याच सुमारास माझी बदली तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत झाली.

प्रयोगशाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येईल ते पुसून टाका. दोन खोल्या, एक ओटा, एक फ्रीज. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवावा लागे, कारण वाऱ्याने स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलते. गावागावांतून विहिरींचं, बोअरचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरून येई. आम्ही त्यात जंतू आहेत का, गढूळपणा किती, मीठ किती, ते पाहायचो. मीठ पाहण्याची पद्धत मला सर्वांत आवडायची. मोजून घेतलेल्या पाण्यात एक द्रव घातला की ते पिवळंधमक होतं. मग वर तोटी असलेल्या काचेच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं आणि पाणी हलवत राहायचं. पाण्यात मीठ आहे तोवर रंग पिवळाच राहतो. मीठ संपलं की पुढच्या थेंबाला विटकरी झाक येते. थेंब जितके जास्त लागले तितकं मीठ जास्त. गोड्या विहिरीचं पाणी लगेच विटकरी होतं. खाऱ्या विहिरीला हात दुखेपर्यंत उभं राहावं लागतं. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळा डाग पडतो आणि लवकर जात नाही. तुमच्या आईच्या लग्नातल्या फोटोत माझ्या मेंदीशेजारी जे काळे ठिपके दिसतात, ते तेच.

गिऱ्हाईकंही तऱ्हेतऱ्हेची. एकाने सरबताची बाटली न धुता पाणी भरून आणलं आणि आपल्या विहिरीला गोडवा आहे असं मला पटवत बसला. एका बाईने जावेने विहिरीत काहीतरी टाकलंय अशा खात्रीने पाणी आणलं होतं. मी अहवालावर 'पिण्यास योग्य' लिहिलं, तेव्हा तिचा चेहरा पडला. "नीट बघितलं का, मॅडम?" असं तिने दोनदा विचारलं. एका सोसायटीचे सेक्रेटरी तर बाटली ओट्यावर ठेवण्याआधीच सर्टिफिकेट मागत होते.

दाऊदबाबा यांच्यातले नव्हते. त्यांनी आपणहून कधी पाणी आणलं नाही. आमचा माणूस दर काही महिन्यांनी जाऊन त्यांच्या विहिरीचं पाणी आणायचा, कारण ती सार्वजनिक विहिरींत मोडत होती. सोपाऱ्याकडच्या एका गावातले हे जुने कोकणी मुसलमान, शेतकरी. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिथे आहेत. विहीर त्यांच्या आजोबांनी बांधली आणि वक्फ केली. वक्फ म्हणजे अल्लाच्या नावाने कायमची सोडून दिलेली वस्तू. देणाऱ्याच्या कुटुंबाकडे तिची राखण राहते, मालकी राहत नाही. आगरी, भंडारी, ख्रिस्ती, आदिवासी पाड्यावरच्या बायका, कुणीही यावं आणि काढावं. दाऊदबाबांच्या घरचे हंडे सगळ्यांचं भरून झाल्यावर भरत. उन्हाळ्यात त्यांच्या सुनेला दुपारपर्यंत स्वयंपाकाला पाणी मिळत नसे आणि ती हे मला हसत सांगायची, पण फार हसत नसे.

मी पहिल्यांदा स्वतः गेले ती बाटली बदलल्याची शंका आली म्हणून. त्या विहिरीचं पाणी नेहमी पहिल्या काही थेंबांतच रंग बदलायचं. त्या खेपेला लवकर बदलेना. मला वाटलं, लेबलांची गडबड झाली. म्हणून नवी बाटली घेऊन मीच गेले, आणि विहिरीच्या कठड्याला टेकून उभा असलेला टँकर पाहिला. जाड पाइप थेट पाण्यात सोडलेला, पंपाची घरघर, आणि कठड्यावर पाय हलवत बसलेला टँकरवाला विलास.

विलासला मी ओळखत होते. आमच्या इमारतीची टाकी तोच भरायचा.

इथे थोडी जमिनीची गोष्ट सांगायला हवी. वसईच्या पश्चिमेची जमीन समुद्राला लागून, वाळूची. वसईतल्या होळी भागाकडे जी भाजीच्या मळ्यांची पट्टी आहे ती त्याच जमिनीवर. पावसाचं गोडं पाणी या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. साय हळू काढली तर रोज नवी धरते. हंडे, कळश्या, रहाट यांनी शेकडो वर्षं ती हळूच काढली गेली. पंपाने ओढली की खालचं खारं पाणी वर चढतं आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. पूर्वेला इमारती उठत होत्या, नळ आले नव्हते, आणि पश्चिमेच्या विहिरींतलं पाणी टँकरने तिकडे चाललं होतं. गावात बहुतेकांनी विहिरीचं पाणी विकायला काढलं होतं. त्यांच्या घरांवर स्लॅब पडले, दारात मोटारसायकली आल्या.

दाऊदबाबांकडेही विलास पैसे घेऊनच आला होता. त्यांनी हात लावला नाही. पाणी, गवत आणि विस्तव यांत सगळी माणसं भागीदार असतात, अशी पैगंबरांची शिकवण त्यांनी लहानपणी ऐकली होती. आपल्या गरजेपेक्षा जास्तीचं पाणी अडवून ठेवणाऱ्याकडे अल्ला कयामतच्या दिवशी बघणार नाही, हेही. विलास काही मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "मग बाबा, फुकट द्या. तिकडं बिल्डिंगीत बारकी बारकी पोरं हायेत, नळाला थेंब नाय." दाऊदबाबांनी लगेच हो म्हटलं. त्या दिवसापासून रोज टँकर येऊ लागले. गावात जे विकत होते ते निदान भाव पडेल म्हणून हात राखून विकत होते. इथे तर काहीच अडथळा नव्हता.

तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हाला मनाचे दोन आजार शिकवले होते. हिर्स म्हणजे हातात नाही त्याची हाव, आणि बुख्ल म्हणजे हातात आहे ते न सुटणं. दोन्हींवर औषध एकच, द्यायला शिका. आम्ही भावंडं खाऊ वाटून खायचो तेव्हा धाकट्याला आधी मिळायचा आणि अब्बा बघत असायचे. दाऊदबाबांच्या विहिरीपाशी उभी असताना मला वाटलं, या माणसाला दोन्हींपैकी एकही आजार नाही. आणि तरी समोर विहीर मरते आहे.

प्रयोगशाळेत परतून मी नवं पाणी तपासलं. लेबलांची गडबड नव्हती. पुढच्या खेपेला थेंब आणखी वाढले. तेव्हा मी सांगायला गेले. ते कठड्याजवळ बाजेवर बसले होते. त्यांनी माझ्यासाठी सुनेकडून चहा मागवला.

"बाबा, पाणी बदलतंय," मी म्हटलं.

"चवीला तर तेच हाये."

"जिभेला उशिरा कळतं. तिला कळेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. पंप थांबवा."

"आनि तहानलेल्याला नाय बोलू?"

"तहानलेला इथे येत नाही, बाबा. पंप येतो."

ते हसले. मला म्हणाले, "तू ऱ्हातेस कुठं, बाय?"

"पूर्वेला. नव्या वसाहतीत."

"तिथं पानी कोन देतं?"

"विलास."

त्यांनी विहिरीकडे पाहिलं, मग माझ्या कपाकडे. "म्हंजे माजंच पितेस तू." त्यांचा चेहरा उजळला. "च्या चांगला होतो ना त्याच्यात?"

"होतो," मी म्हटलं. ते खरं होतं. मुंबईच्या नळाच्या पाण्यालाही तशी चव नव्हती.

पण मला बोलणं भाग होतं. आमची सोसायटी विलासला टँकरमागे पैसे देते, असं मी सांगितलं. ते त्यांना ठाऊक होतं. डिझेल लागतं, ड्रायव्हर लागतो, असं ते म्हणाले. मग मी सांगितलं की डिझेल आणि ड्रायव्हर वगळूनही पुष्कळ उरतं, उन्हाळ्यात भाव वाढतो, आणि ज्या इमारतीला परवडत नाही तिथे टँकर जात नाही.

"पान्याचे घेतो?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचे घेतो."

चहा तसाच राहिला. मी निघाले तेव्हा ते बाजेवरून उठून कठड्यापाशी उभे होते आणि पंपाचा पाइप हाताने चाचपत होते.

त्या आठवड्यात त्यांनी मला मशिदीपाशी बोलावलं. मी ओसरीवर बसले, ते आत मौलवीसाहेबांसमोर. दार उघडं होतं. दाऊदबाबांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, की मी पंप बंद केला तर जास्तीचं पाणी अडवणारा ठरेन का? मौलवीसाहेब वयाने त्यांच्याहून लहान होते आणि फार जपून बोलत होते. त्यांचं म्हणणं असं होतं, की जास्तीचं म्हणजे विहिरीची स्वतःची गरज, शेजाऱ्यांची, जनावरांची भागल्यावर जे उरतं ते. विहीर कोरडी किंवा खारी करून दिलेलं पाणी जास्तीचं नसतं. शिवाय ही विहीर वक्फ आहे. पुढे जन्मणाऱ्यांचाही तिच्यात वाटा आहे, आणि त्यांचा वाटा देऊन टाकण्याचा हक्क राखणदाराला नाही. माणसाने वाहत्या नदीवर वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतानाही, पाणी जास्त सांडू नये, असं शिकवलेलं आहे. मग दाऊदबाबांना वाईट वाटू नये म्हणून असेल, पण मौलवीसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "चाचा, तुमची नियत साफ आहे. पण दान देताना ते कुठे चाललंय एवढं तरी विचारायचं असतं."

दुसऱ्या दिवशी दाऊदबाबा पाइपच्या आणि विहिरीच्या मध्ये उभे राहिले. मी तिथे नव्हते. त्यांच्या मुलाने, इस्माईलने, नंतर सांगितलं. विलासने आधी विनवलं, मग हसून म्हणाला, "बाबा, इतकी वर्षं हातिमताई होता, आता म्हातारपणी मूठ आवळली काय?" बाजूला पाणी भरणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यातलीही एक हसली. दाऊदबाबांना आयुष्यात कोणी कंजूष म्हटलं नव्हतं. इस्माईल म्हणाला की ते त्या दिवशी जेवले नाहीत.

इस्माईलला बापाचा राग होता आणि मला तो समजतो. लोकांनी विकून घरं बांधली, याच्या घरावर कौलं होती आणि तीही गळत होती. तो मला म्हणाला, "दिलं ते फुकट, बंद केलं ते पन फुकट. वाईट झालो ते मात्र आमीच."

इकडे आमच्या इमारतीची टाकी रिकामी झाली. संध्याकाळी चार-पाच शेजारी आमच्याकडे आले. चांगली माणसं होती. त्यांच्यातल्या एकीचं बाळ तान्हं होतं, तिने ते कडेवर आणलं होतं. एकजण म्हणाला, "मॅडम, तुमच्यातलेच आहेत ना ते? जरा समजावून सांगा ना." ते दिवस तसे होते, की 'तुमच्यातले' हा शब्द ऐकला की तुमचे नाना वर्तमानपत्र खाली ठेवायचे. त्यांनी ठेवलंच. मी शेजाऱ्यांना सांगितलं, की त्या पाण्यात मी पाहिलेलं मीठ कोणाच्याही धर्माचं नाही आणि पंप पुन्हा सुरू झाला तर आपल्या टाकीतही तेच येईल. त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे. बाळाची आई जाताना आमच्याकडून एक कळशी घेऊन गेली. घरात तेवढीच भरलेली होती.

टाकी चार दिवसांनी पुन्हा भरली. विलासला दुसरी विहीर मिळाली होती. दाऊदबाबांच्या आंबराईपलीकडे एकाने नवा बोअर मारला होता आणि तो राजीखुशीने विकत होता. वरती कुंपणं असतात, पण वाळूखाली पाण्याला कुंपण नसतं. साय एकच होती. ती आता दुसऱ्या टोकाने ओढली जात होती. मी तालुक्याला अहवाल पाठवला, वरच्या कार्यालयात पाठवला, आठवण म्हणून पुन्हा पाठवला. पोहोच आली. माझ्या नोकरीत ही एक गोष्ट मला शेवटपर्यंत सहन झाली नाही. आम्ही सगळं मोजू शकत होतो आणि थांबवू काहीच शकत नव्हतो.

त्या वर्षीचा मे संपता संपता दाऊदबाबांच्या विहिरीचं पाणी मी नळीखाली धरलं आणि हात दुखेपर्यंत उभी राहिले. पिवळं ते पिवळंच. अहवालावर 'पिण्यास अयोग्य' लिहिलं. तो नेऊन देणं आमच्या माणसाचं काम होतं, पण मीच गेले.

त्यांना आधीच कळलं होतं. सुनेने डाळ शिजत नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला नाही. फक्त विचारलं, "बाय, गुना कोनता झाला? देन्याचा की बंद करन्याचा?"

मी म्हटलं, दोन्हींपैकी एकही नाही, गुन्हा विकणाऱ्यांचा आहे, आणि आम्हा विकत घेणाऱ्यांचाही थोडा.

त्यांनी मान हलवली. "नाय. त्यांचं ते बघतील. माजं मना ठावं हाये." मग विहिरीकडे बघत: "देताना विचारायची लाज वाटली मना. विचारलं तर तो बोलेल, बघा, म्हातारा हिशेब मागतो. उदार म्हनून लोक बोलायचे ना, ते ग्वाड लागत होतं."

मी पुष्कळ धार्मिक प्रवचनं ऐकली आहेत. लोभाबद्दल इतकं सरळ कुणी बोललेलं मला आठवत नाही. हाव पैशाचीच असते असं नाही, हे मला अब्बांनी सांगितलं नव्हतं. चांगलं म्हणवून घेण्याचीही असते, आणि ती ज्याला असते त्याला ती दानासारखीच दिसते. मी त्यांना म्हणाले, की तुम्ही स्वतःला फार कडक माप लावताय. ते म्हणाले, "तुजं माप कडक नाय काय?"

त्यांनी पुन्हा गावात कुणाला काही दिलेलं मी ऐकलं नाही. देण्यासारखं फारसं राहिलंही नव्हतं. भाजीचा मळा खाऱ्या पाण्याने करपला, मग पडीक राहिला. इस्माईल नोकरीसाठी मुंबईला जाऊ लागला. सून हंडे घेऊन दूरच्या नळावर रांगेत उभी राहायची. मी सणाला जायची तेव्हा दाऊदबाबा बाजेवर असायचे, बोलायचे कमी. एकदा त्यांनी माझी काळी बोटं पाहून विचारलं, हे धुऊन जातं का? मी म्हटलं, हळूहळू, नवी कातडी आली की जातं.

ते गेले तेव्हा थंडीचे दिवस होते. मयतीच्या गुसलासाठी, म्हणजे शेवटच्या अंघोळीसाठी, गोडं पाणी हवं म्हणून कोणीतरी टँकरला सांगायला निघालं. इस्माईलने अडवलं. खारं पाणीही पाकच असतं, तो म्हणाला, बाबांना त्यांच्याच विहिरीचं घाला. बापाशी आयुष्यभर भांडलेला मुलगा दोर ओढत होता आणि बायका ओसरीवरून बघत होत्या. गावातले ज्यांनी ज्यांनी पाणी विकलं होतं तेही जनाज्याला आले होते. विलास आला होता. त्याने खांदा दिला.

नंतर, दोन हजार सालानंतर, धरणाचं पाणी आलं, नळ आले, टँकर कमी झाले. आमच्या शेजारच्या मुलांना आता टँकर म्हणजे काय ते सांगावं लागतं. मी निवृत्त झाले.

झोया, तू वर्गणी पाठव. मला थांबवायचं नाही. फक्त पाठवताना विचार, की ती विहीर कोण राखणार आहे आणि तिच्यातून कोण, कशाने पाणी काढणार आहे. विचारायला लाजू नकोस. विचारल्याने दान लहान होत नाही.

मागच्या महिन्यात मी तिकडे जाऊन आले. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने माझ्यासाठी त्या पाण्याची तपासणी केली. पावसाने मीठ थोडं उतरलं आहे, पिण्याइतकं नाही. विहीर आहे. कठडा शाबूत आहे. पाणी खारं आहे. आजूबाजूच्या बायका गोधड्या धुवायला अजून तिथलं पाणी नेतात, आणि त्यांना कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही.